एमॉसकाकांचा हरवलेला शुक्रवार

हॉबीथॉर्प,
मंगळवार, भांडी घासून झाल्यावर

तीर्थरूप दादा,

आधी तुझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नमस्कार, कारण गेल्या पत्रात तू चार पानं त्याच्याविषयीच लिहिली होतीस. सूज उतरली का? मॉडवहिनीचा खोकला कसा आहे? कोंबड्या अंड्यावर आल्या का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. छे, कसली मजा! दादा, दहा दिवस झाले, मला जो धक्का बसलाय तो काही केल्या उतरत नाही. चहात मीठ घालते, मांजराला 'गुड मॉर्निंग, व्हिकर' म्हणते. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता मला राहवणार नाही, आणि तुझ्याशिवाय सांगणार कुणाला?

मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही एमॉसकाकांसाठी अख्खा पील वाजवायला घेतला. सहा घंटा, सहा माणसं, घंटांच्या क्रमाचे पाच हजार चाळीस बदल. सातशेवीसचा एक भाग, असे सात भाग सलग. मध्ये थांबायचं नाही, दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, कागदात बघायचं नाही. (हे तुझ्यासाठी नाही, वहिनीसाठी लिहितेय. तिला अजून वाटतं की चर्चच्या घंटा वाऱ्याने हलतात.) काकांना एक्याऐंशी पूर्ण झाली. जन्मभर सगळ्यात थोरली, अर्ध्या टनाची घंटा ओढली, पण एकही पील पुरा झाला नाही. चार वेळा घेतला, चारही वेळा मोडला. चौथ्या वेळी तर शेवटची दोन मिनिटं उरली असताना काकांची घंटा चुकली आणि तेव्हाचा म्होरक्या तू, 'स्टँड', थांबवा, म्हणून ओरडलास. बरोबरच होतं तुझं, नियम म्हणजे नियम. पण त्याला अकरा वर्षं झाली, काकांनी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. तुझा विषय निघाला की 'तो' म्हणतात आणि चुलीत थुंकतात. आता डॉक्टरने बजावलंय, महिनाअखेरीनंतर दोराला हात लावायचा नाही. म्हणजे ही शेवटची संधी.

आपल्या माणसांकडे संपलं म्हणायला शब्दांना काय तोटा आहे? गुत्त्यावर 'टाइम, जंटलमेन, प्लीज' झालं की दाराची कडी लागते. मैदानावर 'स्टम्प्स' म्हटलं की सगळे चहाला. व्हिकर प्रवचनात 'फायनली' म्हणतात, त्यानंतर अर्धा तास बोलतात, ते सोड. पण घंटेच्या खोलीत दोनच शब्द. सात भाग पुरे झाले की म्होरक्याने म्हणायचं 'दॅट्स ऑल', मग 'स्टँड', आणि घंटा उभ्या. दुसऱ्या कुणी म्हटलं तर चालत नाही. साक्षात बिशप आले आणि 'पुरे' म्हणाले तरी आम्ही ओढतच राहू. आणि हे दोन शब्द या वेळी कुणाच्या तोंडी होते? माझ्या नवऱ्याच्या, कथबर्टच्या. सगळा घोटाळा तिथेच आहे.

कथबर्टने 'दॅट्स ऑल' म्हटलं, 'स्टँड' म्हटलं, घंटा थांबल्या. काकांनी दोर बांधला, टोपी काढली आणि म्हणाले, "झालं बाई एकदाचं." आणि ढसाढसा रडले. स्केल्टनांचे ते दोन्ही दांडगे भाऊ रडले. पोस्टातल्या मिस पीबडी, ज्या स्वतःच्या आईच्या दफनालाही रडल्या नाहीत, त्यासुद्धा नाक शिंकरत होत्या. मी धावत घरी आले, कारण चहापानासाठी सुक्या मेव्याचा केक भट्टीत होता. पील पाचला दहा कमी असताना संपणार, त्या हिशेबाने लावलेला. काढला, सुरी खुपसली, तर मधोमध सगळं गिळगिळीत! मी भट्टीला शिव्या घातल्या, कोळसेवाल्याला घातल्या, आणि मग घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. म्हणजे पील वीस मिनिटं आधीच संपला होता, दादा! केक काही खोटं बोलत नाही.

कथबर्ट शीळ घालत आत आला. त्याची मोजायची एक पद्धत आहे, सात भाग म्हणजे सात वार. सोमवारपासून सुरू, रविवार संपला की 'दॅट्स ऑल'. मी म्हटलं, "बस इथे. गुरुवारनंतर काय आलं?"

"शनिवार," तो म्हणाला.

"आणि शुक्रवार कुठे गेला?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. टोपी चुरगाळायला लागला. मग म्हणतो, "गुरुवार संपता संपता नाकात शिंक अडकली होती गं हेस्टर. ती गेली ती शुक्रवारच घेऊन गेली."

सांग आता! सहाच भाग झाले. पाचव्यांदाही म्हाताऱ्याचा पील अपुराच. मी लाटणं उचललं आणि खाली ठेवलं, कारण लाटण्याने शुक्रवार परत येत नाही. आम्ही दोघांनी शपथ घेतली की हे गुपित आपल्याबरोबर कबरीत जाईल. सोमवारी मिस पीबडींकडे तिकिटं घ्यायला गेले, तर त्या काउंटरवरून वाकून कुजबुजल्या, "हेस्टर, पाचची टपालगाडी आली तेव्हा मी चहा पिऊन कपही धुतला होता. कुणाला सांगू नकोस." स्केल्टन बंधूंना कुणी सांगितलं? गाईंनी! घरी गेले तर दूध काढायची वेळच झाली नव्हती, गाई निवांत रवंथ करत होत्या. म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्या एकट्यालाच माहीत. मी हादरले ती याने. इतकी चांगली, चर्चला जाणारी माणसं, आणि थापा मारण्यात एकाहून एक!

तोवर पील पुरा झाल्याची, मनोऱ्यात लावायची पाटी रंगवून झाली होती. काळ्यावर सोनेरी अक्षरं, काकांचं नाव ठसठशीत. रंग वाळेपर्यंत ती मनोऱ्याच्या पायथ्याशी टेकवून ठेवलीय आणि काका रोज सकाळी तिच्यासमोर बाक टाकून बसतात. गाव त्यांना केक नेऊन देतं. मला तिकडून जाताना मान वर करवत नाही.

असो. अंगठ्याला जप, गरम पाण्यात सोडत जा. वहिनीला सांग, कांद्याचा रस आणि मध.

तुझी धाकटी,
हेस्टर

ता. क. जाता जाता एक बारीकसं काम. तू जिल्ह्याच्या घंटावादक मंडळाचा नोंदणी चिटणीस आहेस, तुझी सही झाल्याशिवाय व्हिकर पाटी भिंतीवर चढवणार नाहीत. सोबत कागद आहे. फुली केलीय तिथे सही कर. 'लागलेला वेळ' हा रकाना वाचायची काही गरज नाही, तुझे डोळे आधीच दुखतात. आयुष्यभर खरं वागलास, एकदा बहिणीसाठी डोळेझाक कर. म्हातारा किती दिवसांचा सोबती?

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात दारावर काठी वाजली. एमॉसकाका! म्हणाले, "तो सहीचा कागद फाड." मी म्हटलं, "कुठला कागद?" ते म्हणाले, "हेस्टर, इतकी वर्षं थोरली घंटा ओढतो मी, माझ्या दंडांना कळत नाही का किती झालं? त्या दिवशी त्यांच्यात एक भाग शिल्लक होता. आठवडाभर त्या पाटीपुढे बसलोय, कुणीतरी येऊन खरं सांगेल म्हणून. सगळे मेले केक घेऊन येतात!" मी तोंडात पदर कोंबायचा तसा ॲप्रन कोंबला. म्हणाले, "येत्या शनिवारी, दोन वाजता, पुन्हा. आणि ते वार मोजणारं ध्यान म्होरक्या नको. एडगरला बोलाव. तो एकटाच माझ्यावर दया करत नाही."

दादा, तुझं नाव घेतलं रे त्यांनी. अकरा वर्षांनी.

कागद मीच फाडला, पाकिटात शोधू नकोस. अंगठा दुखत असला तरी ये, पायाला पिशवी बांधून ये. दारातून वळून ते म्हणाले, "त्याला सांग, चुकलो तर पुन्हा थांबव म्हणावं. या वेळी मी रागावणार नाही."