सुईवरची टोपी

चिंचवड,
१२ डिसेंबर १९७६

तीर्थरूप आईस अरूचा वाकून नमस्कार.

यांना कॅन्सरचं दुसरं इंजेक्शन दिलं. जेवण बरं जातंय. केस जातील, पण परत येतात म्हणे. हे म्हणाले, "न्हाव्याची कटकट गेली!"

अण्णांचा खोकला कसा आहे? त्यांना इथवरच वाचून दाखव.

आई, यांच्यासाठी लोकरीची टोपी विणायला घेतली. शेजारच्या कस्तुराबाई ओरडल्या, "डोक्यावर केस हायेत तवर टोपी कसली विणतीस? बाळ यायच्या आधी टोपरं करतं का कुनी?" तेव्हापासून धसकाच घेतलाय. टोपी विणून झाली, पण शेवटचे टाके बंद करायला हात धजेना. तशीच सुईवर ठेवली.

काल यांच्या उशीवर केसांचा पुंजका दिसला. मी गुपचूप झटकला. वाटलं, यांनी पाहिलं नसेल.

आज पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा हे खिडकीशी बसले होते, सुईसकट टोपी डोक्यावर ठेवून. म्हणाले, "अरू, आता बंद कर ते टाके. थंडी वाजते."

सुई हातात घेऊन बसलेय. टाके कसे बंद करतात, तेच आठवत नाही.

तू ये.

तुझी,
अरू