बाकावरचा रुमाल

ता. ३ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. सलाम वि. वि.

पत्रास कारण, मी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. लगेच कपाळावर हात मारून घेऊ नकोस. तान्हेपणी डोक्यावर पाणी घातलं तो आईबाबांचा निर्णय होता, माझा नव्हे, असं आमच्या नव्या मंडळीचे पाळक म्हणतात. तारण ज्याचं त्यानं स्वीकारायचं. बापाच्या पुण्याईवर मुलगा स्वर्गात शिरत नाही आणि मुलाच्या पुण्याईवर बापही नाही. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करतानाही बाबाच डोळ्यांसमोर येतात.

त्यांची स्मृती रोज झिजतेय. आज तुझं नाव गेलं, उद्या देवाचंही जाईल. त्याआधी त्यांनी एकदा तरी स्वतःच्या तोंडानं, समजून, ‘येशू माझा तारणारा आहे, मी त्याचा स्वीकार करतो’ एवढं म्हणायला हवं. तू रोज त्यांच्याकडून म्हणवून घे. महिनाअखेरीस मी येतोच आहे, तेव्हा स्वतः विचारीन. हसू नकोस ताई, मला खरंच भीती वाटते.

लोभ आहेच, तो या बातमीनं आटू देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

ता. १२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कपाळावर हात मारलाच. दुसऱ्यांदा भिजून आलास, सर्दी तरी नाही ना झाली?

तुझं वाक्य शिकवलं. मी शिलाई मशीनवर बसून म्हणते, बाबा समोरच्या खुर्चीतून माझ्यामागून म्हणतात. पहिला भाग काही टिकत नाही, उरलं ते ‘मी स्वीकार करतो’. आता चहा दिला की स्वीकार करतात, गोळी दिली की स्वीकार करतात. काल एक गिऱ्हाईक कोट न्यायला आलं, तर बाबांनी त्याचा कोटच स्वीकारला. सोडेचनात! हसून हसून पुरेवाट झाली, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

पण चर्चमध्ये वेगळंच होतं. आपल्या नेहमीच्या बाकावर एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते निवृत्त मास्तर. सगळे उभे राहून मतांगीकार, ती विश्वासाची जुनी कबुली, म्हणू लागले, की बाबाही म्हणतात. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत, त्याच जुन्या खर्जातल्या आवाजात. घरी मात्र एक ओळ येत नाही. त्यांना दोन्हीकडून खांद्याला खांदा लागलेला हवा.

आमचे पाळक म्हणतात, मंडळी म्हणजे एक शरीर. एकानं विसरलेलं दुसरा आठवतो आणि देव सगळ्यांना मिळूनच वाचवतो. ऐकायला बरं वाटतं. पण मग माझं काय? मी बाबांना धरून उभी राहते, ओठ हलवते. मनात विश्वास असतो की कुणाच्या बाहीचं माप, मला सांगता यायचं नाही. तुझं खरं असलं तर बाबांच्या आधी माझीच पंचाईत आहे. आणि तूच सांगायचास ना, अडकलेल्या लिफ्टमधून माणसं फटीतून ओढायची नाहीत, आधी लिफ्ट मजल्याला आणायची? मग बाबांना का ओढतोयस?

ये लवकर. भांडलो तरी जेवूनच भांडू, एवढा लोभ ठेव.
तुझी,
ताई

ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. सलाम वि. वि.

सुखरूप पोचलो. निघताना सांगायचं राहिलं ते लिहितोय.

शनिवारी तू बाजारात गेलीस तेव्हा मी दार लावून बाबांना विचारलं. पुन्हा पुन्हा विचारलं. आधी ते हसले, मग माझा चेहरा बघून घाबरले आणि म्हणाले, मी स्वीकार करतो साहेब, आता घरी जाऊ द्या. ताई, मला साहेब म्हणाले. हवं ते वाक्य मिळालं आणि मलाच ते घ्यावंसं वाटेना.

रविवारी चर्चमध्ये मी मागे भिंतीला टेकून उभा होतो, तोंड उघडायचं नाही असं ठरवून. मास्तर आजारी, आणि तू खोकल्याची उबळ आली म्हणून बाहेर गेलीस. बाबा दोन ओळी म्हणाले आणि थांबले. दोन्ही हातांनी आजूबाजूला चाचपडू लागले. माझ्याच्यानं बघवेना. जाऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावला आणि जो मतांगीकार सोडून आलो होतो तोच मोठ्यानं म्हणू लागलो. पुढच्याच ओळीला ते आले. मध्ये एक ओळ मी विसरलो, ती त्यांनी म्हटली.

आता माझं डोकं चालेनासं झालंय. त्यांचं तारण झालं का? मी ढोंग केलं का? कोण कुणाला सांभाळत होतं? आमच्या पाळकांना अजून काही बोललेलो नाही. लिफ्टचं तू म्हणालीस ते खरं, पण तिथे मला मजला कुठे आहे ते ठाऊक असतं.

या गोंधळ्यावर लोभ असू दे.
तुझा,
धाकटा

ता. १४ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे प्रश्न मी आमच्या पाळकांपुढे ठेवले. ते चष्मा पुसत बसले. शनिवारचं बाबांना काही आठवत नाही, तेवढा घोर सोड.

पण परवाच्या रविवारी बाकावर बसताच त्यांनी खिशातला रुमाल काढून शेजारी पसरला. मास्तर बरे होऊन आले होते. ते बसायला गेले, तर बाबांनी हात आडवा धरला. कुणासाठी जागा धरलीय म्हणून मी विचारलं. म्हणाले, एक मुलगा मागे भिंतीशी एकटाच उभा असतो. त्याला कुणी नाही वाटतं. म्हणताना चुकतोही. आला तर त्याला आपल्यात घ्या.

मास्तर बिचारे मागच्या बाकावर बसले. रुमाल मी धुऊन, इस्त्री करून बाबांच्या खिशात ठेवलाय.

लोभ आहे, आणि जागाही आहे.
तुझी,
ताई