खारीची लागवड

१२ डिसेंबर

चि. ठकूस,

अ. उ. आ. हात इतके आखडलेत की आशीर्वादही वाकडेच उमटतायत, तू सरळ करून घे.

तुझं पत्र पोचलं. खोकला आहे, पण माझ्यापेक्षा त्याची तब्येत चांगली आहे, तेव्हा काळजी नको. शेजारचा सुतार रोज सकाळी कुंपणावरून हाक मारून मी आहे की गेलो ते बघतो. मी ओ दिली की बिचाऱ्याचा हिरमोड होतो असं मला वाटतं.

तुझ्या आईला जाऊन तीन आठवडे झाले. चहा अजून दोन कपच होतो. दुसरा कप गार होईपर्यंत बघत बसतो आणि मग मोरीत ओततो. घरात बसवत नाही म्हणून दिवसभर बाहेर खणतो. थंडीत माती उलथून मोठाली ढेकळं तशीच सोडायची, म्हणजे गोठून गोठून ती आपोआप फुटतात आणि किडीची अंडी मरतात. चाळीस वर्षं सरकारी बागेत हेच केलं. यंदा स्वयंपाकघराच्या खिडकीखालचा वाफाही उलथला. पाच-सहा वर्षं तो नुसताच पडून होता.

तिथं एक गंमत झाली. मातीतून कंद निघाले, लाल फुलांचे असतात तसे. दोन-अडीच डझन तरी असतील. रांग नाही, अंतर नाही, आणि एकूण एक उलटे! मुळं आभाळाकडे, कोंब पाताळाकडे. माणसाच्या हाताचं हे काम नव्हे, ही खारीची लागवड. कुणाच्या तरी बागेतून चोरून बयेनं हिवाळ्याची बेगमी करून ठेवली होती. वर आपला तो मोठा चमचा, ज्याच्या नावानं तुझी आई महिनाभर हळहळत होती, तोही तिथंच सापडला. खारीनं चमचासुद्धा पळवावा म्हणजे हद्द झाली. आई असती तर पोट धरधरून हसली असती. कंद मी पाचोळ्याच्या ढिगावर फेकले, वर आणखी पाचोळा लोटला आणि वाफा साफ करून टाकला.

एप्रिलमध्ये तुझ्याकडे कायमचं यायचं कबूल केलंय, ते विसरलेलो नाही. पण तुझं एक कळत नाही. आई गेली तेव्हा आत्ताच्या आत्ता चला म्हणून माझ्या मागे लागली होतीस, आणि चार दिवसांत तूच म्हणायला लागलीस की वसंत बघूनच या, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघा. काय बघू गं? त्या खिडकीतून मातीशिवाय काही दिसत नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो थंडीत गारठू देऊ नकोस.

तुझा बाबा

२० डिसेंबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. पाया पडायला जवळ नाही, म्हणून लांबूनच वाकते.

तुमचं पत्र ड्युटीवर असतानाच वॉर्डाच्या जिन्यात उभ्याउभ्या वाचलं. मोठ्या नर्सबाईंनी दोनदा हाक मारली, ती मला ऐकूच आली नाही. इकडे आम्ही ठीक आहोत. दक्षिणेकडची खोली तुमच्यासाठी रिकामी केलीय. यांनी खिडकीच्या फटी कागद लावून बुजवल्या.

बाबा, ते कंद टाकू नका हो. मला कुंड्यांत लावायला हवेत. इथे असले कंद मिळत नाहीत. ढिगावरून काढून तूर्त त्याच वाफ्यात परत पुरून ठेवता का? जिथं होते तिथंच. मला कंद हवेतच. खारीलाही पोट आहे, असं समजा हवं तर.

हे आजच करा, खरंच. थंडी वाढणार आहे म्हणतात. आणि खोकल्याचं औषध घ्या, बाटलीकडे नुसतं बघून खोकला जात नाही.

माया आहे तशी राहू द्यावी, ही विनंती.

तुमची
ठकू

३ जानेवारी

चि. ठकूस,

अ. उ. आ. नवं वर्ष लागलं म्हणे. इथे तर जुनंच गोठून पडलंय.

तुझं पत्र मिळालं त्याच्या आदल्या दिवसापासून बर्फ पडतोय. अंगणात गुडघाभर झालाय. तुझ्या हट्टापायी ढीग फोडायला गेलो तर कुदळ टण्णकन उडाली आणि मनगट मुरगळलं. सुतारानं पट्टी बांधली आणि वर मला म्हाताऱ्यानं म्हाताऱ्यासारखं राहावं म्हणून ऐकवलं. ढीग दगड झालाय. आता वितळेल तेव्हाच उघडेल.

इतकी लांबलचक थंडी मी पाहिली नव्हती, की एकट्यानं काढतोय म्हणून लांबलीय, कोण जाणे. दिवस चारलाच विझतो. सफरचंदाच्या फांदीची साल रोज नखानं खरवडून बघतो, आत हिरवं आहे की नाही. हिरवं दिसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण रोज खरवडून झाडालाच इजा करतोय हे मला कळतं. शिकाऊ माळ्यानं असं केलं असतं तर मी त्याचा कान पिळला असता. वसंत कधी येतो असं झालंय मला.

आता कामाचं. लहानपणी तू खोटं बोललीस की एकच गोष्ट तीनतीनदा सांगायचीस. पाटी फुटली तेव्हाही मांजरीनं पाडली म्हणून तीनदा सांगितलं होतंस. या पत्रात कंद तीन ठिकाणी आलेत. कुंड्या तुझ्या घरात एक नाही, मला ठाऊक आहे. काय लपवतेयस बापापासून? सरळ सांग.

लोभ असावा आणि खरेपणाही असावा.

तुझा बाबा

११ जानेवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. आज डोकं पायावरून उचलूच नये असं वाटतंय.

बाबा, ती खार नव्हती. आई होती.

सोबत तिचं शेवटचं पत्र पाठवतेय. तुम्ही दाढ काढायला गेला होतात त्या दिवशी तिनं ते कंद लावले. बियांच्या दुकानातून स्वतः जाऊन आणले, तीस. अवजारांना हात लावला तर तुम्हाला कळेल, म्हणून मोठ्या चमच्यानं खड्डे केले. मग तो चमचाच मातीत हरवला, आणि तुम्हाला संशय नको म्हणून महिनाभर तुमच्यासमोर हळहळत बसली. तिनं लिहिलंय की लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं लावलेली गुलाबाची फांदी वाळली, तेव्हा तुम्ही म्हणालात की तुझ्या हाताला गुण नाही. त्यानंतर अडतीस वर्षं तिनं वाफ्याला हात लावला नाही. आता एकदा लावून बघते म्हणाली. वसंतात हे चहाचा कप घेऊन खिडकीत येतील आणि बघतच राहतील, तेवढा एक दिवस मला हवाय, असं लिहिलंय. तुमच्या बागेत तिचा हा खारीचा वाटा, असंही तिनंच लिहिलंय. तुमचं खारीचं वाचलं आणि मी तिचं पत्र पुन्हा काढून वाचलं.

तिनं मला शपथ घातली होती. ती गेल्यावरही मी गप्प राहिले, कारण वसंतात तुम्हाला तिच्याकडून काहीतरी मिळणार होतं. तो दिवस मला मोडायचा नव्हता. डिसेंबरातच सांगितलं असतं तर ढीग गोठायच्या आत कंद निघाले असते. चूक माझी आहे. मला हवं ते बोला, पण बोला.

तुमची
ठकू

१६ फेब्रुवारी

चि. ठकूस,

आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही. तुझी त्यानंतरची दोन्ही पत्रं आली, सुतारालाही तू लिहिलंस ते कळलं. जिवंत आहे.

गेल्या आठवड्यापासून रोज किटलीभर उकळतं पाणी ओतून ढीग वीत वीत उकरला. काल तळाशी पोचलो. एकोणतीस निघाले. तिसावा खऱ्या खारीनं नेला असेल. सगळे बोटानं दाबले की पाणी. एकही टणक नाही. सोलूनही बघितले, कुणाच्या पोटात थोडा जीव असेल म्हणून. नाही.

तुझी काही चूक नाही. अडतीस वर्षं हाताला गुण नाही म्हणणारा मी, आणि तिनं लावलेलं उपटून फेकणाराही मीच. उलटे लावलेत हे मला दिसलं. कुणी लावले असतील हे विचारायचं मात्र सुचलं नाही. जी बाई मला न विचारता बागेत पाऊल टाकत नव्हती, ती असं काही करेल हे मनातच आलं नाही. याचीच मला लाज वाटते.

आता वसंताची वाट बघण्यात अर्थ नाही. फांदी खरवडणं सोडलं. महिनाअखेरीला ये आणि मला घेऊन जा. अवजारं सुताराला देतोय.

बाबा

२४ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. घाईत लिहितेय, रागावू नका.

यांना मार्चअखेरीशिवाय रजा नाही, म्हणून तीस मार्चला गाडी घेऊन येतो. तोवर एवढा महिना काढा. अवजारं देऊ नका, गाडीत जागा आहे. तुमच्या खोलीच्या खिडकीबाहेर चार हात जमीन आहे, आणि तिथं तण सोडून काही उगवत नाही. तुमच्याशिवाय तिचं काही खरं नाही.

आईचं पत्र जपून ठेवा. मला ते परत हवंय, माझ्याकडे तिचं तेवढंच आहे. आणि जेवा. सुतारानं कळवलंय की तुमच्याकडे चूल दिवसातून एकदाच पेटते.

दोघांची माया आता तुम्हालाच एकट्यानं करायची आहे, ती आटू देऊ नये.

तुमची
ठकू

२६ मार्च

चि. ठकूस,

अ. उ. आ. वि. वि. हे पत्र मिळेपर्यंत गाडी निघाली नसली म्हणजे मिळवली.

बांधाबांध निम्मी झाली होती. परवा सकाळी कपबश्या कागदात गुंडाळायला घेतल्या. शेवटचे दोन कप बाहेर ठेवले, चहा केला, आणि बरेच दिवसांनी खिडकीत उभा राहिलो. भिंतीला चिकटून, सांडपाण्याच्या पाइपाच्या मागे काहीतरी हिरवं दिसलं. गवत असेल म्हणून कप हातात घेऊनच बाहेर गेलो.

गवत नव्हतं. दोन पानं आहेत, बोटभर, फिकट, मुरडलेली. तिथं कुदळ शिरत नाही म्हणून माझ्या हातून सुटलं. तिथं शहाणा माळी काही लावतही नाही. ती लावून गेली. तिसावा तो. उलटाच असणार. खाली निघालेला कोंब अंधारात वळून, पाइपाला वळसा घालून वर आलाय. मी तिथंच चिखलात बसलो आणि रडलो. सुतारानं कुंपणावरून हाक मारली, मी चिखलातूनच ओ दिली.

आता नीट वाच. याला यंदा फूल नाही. पानांच्या पोटात कळी नाही, मी वाकून वाकून बघितलं. उलटा कंद पहिल्या वर्षी वळण्यातच दमतो. पानांनी उन्हाळाभर ऊन खाल्लं, नंतर ती आपोआप वाळू दिली, आणि पुढचा हिवाळा त्याला तिथंच मातीत नीट काढता आला, तर पुढच्या वसंतात फुलेल. उपटून तुझ्याकडे आणला तर जगायचा नाही. खिडकीही हीच हवी, तिनं ही ठरवली होती.

म्हणजे मला अजून एक हिवाळा इथं काढावा लागणार. मला त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? यंदाचाच कसा काढला ते माझं मला माहीत. पण तू गाडी नको म्हणून सांग. जावईबापूंची रजा फुकट जाणार असेल तर तुम्ही दोघं चार दिवस राहायला या, घेऊन जायला नको. पुढच्या वर्षी याच सुमारास मात्र नक्की ये. चहा तीन कप करीन.

आईचं पत्र परत मागितलंयस. वर्षभर माझ्याकडे राहू दे, मग देतो.

राग आला तरी लोभ ठेव.

तुझा बाबा

ता. क. मोठा चमचा घासून त्या पानांशेजारी उभा खोवून ठेवलाय. पुन्हा कुणा शहाण्याची कुदळ तिथं पडायला नको.