आज वर्गाला सुट्टी आहे

अण्णा,

तुम्ही रोह्याला आमच्याकडे राहायला आलात ते झटका आल्यावर. उजवा हात लुळा, जीभ जड, आणि आकडे गेलेले. पेणच्या शाळेत तुमच्या चपलांचा आवाज आला की अख्खी आठवी श्वास रोखून बसायची, आणि आता सात आणि पाच किती हे तुम्हाला सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, सोपी सोपी गणितं करून घ्या, येईल हळूहळू. ते ऐकून मला बरं वाटलं. येईल म्हणाले म्हणून नव्हे, गेलंय म्हणाले म्हणून.

मी तुमच्याच वर्गात होते. घरी अण्णा, शाळेत सर. फळ्यावर त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढताना मी निम्मं करायला विसरले, तेव्हा तुम्ही माझ्या हातातला खडू काढून घेतलात आणि वर्गाकडे वळून म्हणालात, "हा दगड माझ्या घरी जेवतो." वर्ग हसला. तास संपेपर्यंत मी व्हरांड्यात उभी. संध्याकाळी आईशेजारी बसून भाकरी थापत होते, तर तुम्ही ताटात डोकावून म्हणालात, "निदान ही तरी गोल येऊ दे." तुम्ही हसलात म्हणून आईही हसली.

तरी मी गणितच शिकले, आणि आता इंटरनेटवर लहान मुलांना शिकवते. पडद्यावर एक तराजू असतो. एका पारड्यात मी ठोकळे ठेवते, दुसऱ्यात मुलं आपापल्या घरून, मोबाइलवर बोटाने सरकवून ठेवतात. जास्त झाले की तराजू कलतो, मग एखादा काढायचा. माझ्या धड्यात 'चूक' हा शब्दच नाही. तुम्ही खाटेवरून ते बघत असायचात. एकदा म्हणालात, "खेळ. नुसता खेळ." मग एके दिवशी मी तुमच्यापुढे टेबलावर टॅब ठेवला, तुम्हाला त्या वर्गात बसवलं आणि शेजारच्या खोलीत जाऊन शिकवायला लागले.

तुमची पाळी आली. तुम्ही डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकवलंत. एका पारड्यात सात आणि पाच, आणि दुसऱ्यात तुम्ही ठोकळे टाकतच होतात. सगळी मुलं बघत होती. पेणजवळच्या जोहे गावची एक मुलगी आहे, तिसरीतली. तिचे आईवडील गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतात, ती तिथूनच वर्गाला बसते. ती म्हणाली, "आजोबा, एक काढा तिथनं. कललं तरी काय नाय होत, परत ठेवायचं." तुम्ही आणखी एक टाकलात. "नाय आजोबा, काढायचाय, टाकायचा नाय."

"गप," तुम्ही म्हणालात. "दगड."

झटक्यानंतर तुमचा एकही शब्द इतका स्पष्ट आला नव्हता.

मुलीने मला विचारलं, "ताई, दगड म्हणजे मी?"

मी तुम्हाला वर्गातून काढून टाकलं. त्याला एक बटण असतं, दाबलं की झालं. पलीकडच्या खोलीतून, काळ्या पडलेल्या काचेवर तुम्ही बोट आपटताय ते मला ऐकू येत होतं. मी पुढचं गणित घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन. "ताई, ती बसायलाच तयार नाय. तो आजोबा हाय का, इचारते."

"नाहीत. आता येणार नाहीत, सांगा तिला."

ती आली. तुम्ही मात्र रोज वर्गाच्या वेळेला तोंड धुऊन, शर्टाची बटणं एका हाताने कशीबशी लावून टेबलाशी येऊन बसायचात. "वर्ग?" विचारायचात. मी म्हणायचे, "आज वर्गाला सुट्टी आहे." मग शेजारच्या खोलीतून मुलांचा कलकलाट यायचा. "हे... कोण?" तुम्ही विचारलंत. "टीव्ही," मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत. माझे यजमान धाटावच्या कंपनीतून शिफ्ट करून आले होते, त्यांनी हे ऐकलं. "अगं, बसू दे ना त्यांना एकदा. मुलंच तर आहेत."

"मुलं आहेत म्हणूनच," मी म्हटलं.

गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. शेवटपर्यंत सुट्टीच होती.

परवा वर्ग संपला तरी ती मुलगी थांबून राहिली. "ताई, ते आजोबा कुठं गेले?"

"वारले गं."

ती ठोकळे इकडेतिकडे सरकवत बसली. मग म्हणाली, "मग त्यांचा तराजू सरळ झालेला का?"

"हो. झाला होता."

"बघा! मी सांगितलेलं त्यांना."

झाला नव्हता, अण्णा. मी खोटं बोलले, आणि ते तिच्यासाठी, तुमच्यासाठी नव्हे. हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून एवढं लिहिते: त्या टेबलाशी तुमच्या शेजारी बसून तो तराजू मी सरळ करून देऊ शकले असते. बसले नाही, कारण तुम्ही मान वर करून मला काय म्हणाल याची भीती वाटत होती. अजून वाटते.