बदामाची चौकट

अमरावती
१२ मार्च २०१५

प्रिय गुलनार,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, म्हणजे राग थोडा तरी उतरला असेल. नऊ वर्षांत मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझे नवरोजी अजहरभाई म्हणाले, ‘गुलनार बाजारात गेली.’ आणि दोन्ही वेळा मागून तुझाच आवाज येत होता. तुझा आवाज ओळखायला मी चुकेन होय? पण तेव्हा काही बोलले नाही. आज मात्र सगळं बोलणार आहे, कारण मला माझी मैत्रीण परत हवी आहे.

आधी खुशाली. आपलं चॅनल आता अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दिसतं. बावीस माणसं कामाला आहेत, माझे गुडघे कुरकुरतात, बाकी मजेत आहे. मागच्या महिन्यात एका मासिकानं माझी मुलाखत छापली. वर मथळा, ‘स्वबळावर उभी राहिलेली उद्योजिका’. वाचून मला हसूच फुटलं. कसलं स्वबळ? चांदूर बाजारात भाड्याचा कॅमेरा माझ्या खांद्यावर होता आणि तापलेला हॅलोजन तुझ्या हातात. अचलपूरच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरामन चालत नसे, म्हणून आपल्या दोघींना बोलावणी यायची. लोक नवरीपेक्षा आपल्याकडेच जास्त बघायचे. बिर्याणीच्या वासानं तुझ्या हातातला दिवा हलायचा आणि कॅसेटमध्ये नवरी अर्धी काळोखात जायची! त्याच मिळकतीवर आपण केबलवर सातच्या बातम्या सुरू केल्या. संत्र्याचे भाव, हरवलेल्या म्हशी, नळाची वेळ. तू मराठीत वाचायचीस, मग तेच थोडक्यात उर्दूत. मुलाखतीत मी हे सगळं सांगितलं होतं. त्यांनी तुझं नाव तेवढं गाळलं. मी फोन करून भांडले.

आता २००६ बद्दल. ती वर्षं तुला मी काय सांगू! शहरातल्या वाहिन्यांच्या गाड्या गावोगाव फिरायच्या, आज कुठल्या शेतकऱ्यानं जीव दिला ते विचारत. जानरावांनीही जीव दिला तेव्हा तू कॅमेरा घेऊन त्यांच्या बायकोकडे, पार्बताबाईंकडे गेलीस, कारण दुसऱ्या कुणाला त्यांनी दारात उभं केलं नसतं. तेरवी होईपर्यंत काही दाखवणार नाही, असा शब्द तू त्यांना दिला होतास, आणि परत आल्यावर मलाही तसं बजावलंस. पण संध्याकाळी शहराची गाडी वेशीवर दिसली आणि माझं डोकं फिरलं. त्यांच्या आधी आपण दाखवायचं, बस. आपल्या एडिटिंगवाल्या सहदेवला मी घाई केली. त्याच्या मशीनवर दुपारी लग्नाची कॅसेट सजवून झाली होती आणि तो ती सजावट काढायला विसरला. पार्बताबाईंचा रडून सुजलेला चेहरा गुलाबी बदामाच्या चौकटीत आला. वरून पाकळ्या पडत होत्या. सगळ्या गावानं तो पाहिला. काही जण हसलेसुद्धा.

तू कॉलरचा माईक काढून टेबलावर ठेवलास आणि महिन्याभरात तुम्ही अकोल्याला गेलात. मी मात्र वर्षभर सगळ्यांना सांगत राहिले की चूक सहदेवची होती. बदाम सहदेवचा होता, गुलनार. शब्द मोडला तो मी. हे लिहायला मला नऊ वर्षं लागली, याची लाज वाटते.

पार्बताबाईंकडे मी गेल्या दिवाळीत गेले. त्यांनी चहा केला. मी माफी मागितली तेव्हा म्हणाल्या, ‘त्या फुलायचं काही नाही बाई. मले इचारलं काहून नाही?’ आमच्याकडे आता तेरवीआधी कुणाच्या घरात कॅमेरा जात नाही, आणि नंतरही घरच्या बाईनं हो म्हटलं तरच जातो. त्यापायी आमच्याकडून चित्रण घेणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांनी आमच्याशी संबंध तोडले. माझी झोप बिघडली नाही.

आता पत्राचं कारण. सोमवारी बातमीदाराच्या जागेसाठी एक मुलगी आली. अर्ज बघायच्या आधीच मी तिला ओळखलं, कारण वाक्य संपताना तिची हनुवटी अगदी तुझ्यासारखी वर जाते. तुझी लुबना. इथं कॉलेजात शिकताना तिनं हे मनाशी ठरवलंय. म्हणाली, ‘अम्मीले सांगतलं नाही, मावशी. अम्मी तुमचं नाव काढत नाही. पण रोज सात वाजता तुमचंच चॅनल लावते, अन् वाचणारीच्या चुका काढत बसते.’ हे ऐकून मला रडू आलं, पोरीसमोरच. तिच्याइतकी हुशार मुलगी मला दहा वर्षांत भेटली नाही. सोमवारपासून तिची खुर्ची रिकामी ठेवली आहे, पण तिला हो म्हटलेलं नाही. तू नाही म्हणालीस तर मी तिला नकार कळवीन आणि कारणही सांगणार नाही. गुलनार, तुझी लेक माझ्याकडे पाठवशील का?

तुझीच,
चंदा