रागिणीचा मामा

हिंगोली
११ एप्रिल २००४

प्रिय नर्मदा,

अनेक आशीर्वाद. खुशाल आहेस ना? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, भांडणाआधी खुशाली विचारावी. विचारली. फोनवर तू रडतेस आणि विषय बदलतेस, म्हणून पत्र.

तुझ्या रागिणीच्या लग्नात मामा म्हणून जळबा उभा राहणार म्हणे. कोण हा जळबा? संपतरावांच्या आतेभावाचा मेहुणा! आपला सख्खा भाऊ प्रभू जिवंत असताना!

तुझं लग्न आठवतं? प्रभू चौदा वर्षांचा, पण मांडवात सगळ्यांत उंच. कानपिळीला त्यानं संपतरावांचा कान असा पिरगाळला की नवरदेव ओरडले, "अरे, तोडतो काय!" मुंडावळ्या सावरत तू खिदळत होतीस. पुढं नव्वद सालच्या सुमारास रागिणी त्याच्या खांद्यावर बसून बाळापूरचा बाजार हिंडायची. "मामा, मला सगळ्यांची डोस्की दिसून राहिली!"

तोच मामा आता मांडवात नको. कारण फेब्रुवारीत शेतातली हळद शिजवताना त्याचा पाय निखाऱ्यावर पडला. कातडं जळाल्याचा वास बाकीच्यांना आला, त्याला कळलंच नाही. गावानं उभ्या उभ्या महारोग ठरवला आणि तुम्ही त्याचं ताट वेगळं केलंत. महारोग असता तरी गोळ्यांनी बरा झाला असता. ताट वेगळं करायचं कारण नव्हतं. पण तो नाहीच. साखरेचा आजारही नाही. नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. पायांच्या नसा निकामी होत चालल्यात. एवढं पुरे.

पुरे नाही. लिहितेच.

रक्ताची आणखी एक तपासणी मुंबईहून आली. प्रभूच्या पेशींत जन्मापासून एक गुणसूत्र जास्त आहे. पुरुषाला एक्स आणि वाय एकेक असतं. त्याला एक्स दोन. अशा काही जणांच्या नसा दुखावतात, असं डॉक्टर म्हणाले. त्याची उंचीही बहुधा त्यामुळेच. हे कुणाला लागत नाही, यात कुणाचा दोष नाही. आणि मूल झालं नाही, तेही त्यामुळेच.

आता पंधरा वर्षं त्याच्या बायकोला, शिवकन्येला, काय काय ऐकवलंत ते आठव. रागिणीच्या साखरपुड्यात तिला ओटी भरू दिली नाहीत. ती निमूट स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत बसली. मी पाहिलंय.

हे मी कुणाला सांगणार नव्हते. प्रभूच म्हणाला, "सांग अक्का. लोकं मला काय म्हणायचं ते म्हणू दे. शिवकन्येचं नाव तरी सुटंल."

परवा रागिणी साड्या घ्यायला आली, तेव्हा तिलाही सांगितलं. पायाला पट्टी बांधून प्रभू इथंच बसला होता. त्याला म्हणाली, "मामा, अनवाणी फिरायचं न्हाई म्हणला ना डॉक्टर? मंग चपला घालूनच माझ्या मागं उभे राहा. कोणी बोललं तर मी बी घालते."

"तुझी सासू बेशुद्ध पडंल," प्रभू म्हणाला आणि हसला. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

पत्रिका अजून छापली नसेल. त्यात मामा म्हणून त्याचंच नाव घाल. आणि शिवकन्येला आमंत्रण द्यायला दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस, कुंकू घेऊन तू स्वतः ये. नाही आलीस, तर मीही येणार नाही.

आई-बाबांमागे आपण तिघंच उरलो आहोत, हे न विसरलेली,
तुझी अक्का