चिनी मुलीच्या जन्माची साक्ष

अण्णा,

तुमच्या शाळेच्या रजिस्टरात सगळी पोरं एक जूनला जन्मली. चिंचवडात कुठल्या आईबापाला तारीख ठाऊक होती म्हणा! तुम्ही पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचात, वर्ष ठरवायचात आणि एक जून लिहून मोकळे व्हायचात. माझीही तीच. मास्तरांची स्वतःची मुलगी, पण चुलीपाशी जाऊन आईला विचारावंसं नाही वाटलं तुम्हाला. मला त्याचं काही नव्हतं. ती शाळेत येईपर्यंत नव्हतं.

ती म्हणजे स्टेशनाजवळ दात बसवणाऱ्या चिनी गृहस्थाची मुलगी. बाप इंग्रजांच्या अमलात हाँगकाँगहून आलेला, ती जन्मली इथंच. मराठी तुमच्या-माझ्यासारखी बोलायची, आणि गणितात माझ्या पुढं. इंग्रज गेल्यावर काही वर्षांनी पोलिसांनी दोघांना परदेशी ठरवलं. बाप इंग्रजांचा की चीनचा, हे कुणालाच सांगता येईना. पण पोरीचा जन्म चिंचवडचा ठरला तर ती इथली, नाहीतर दोघांनी देश सोडायचा. तिच्यापाशी कागद एकच, तुमच्या शाळेचा दाखला. फौजदार तो बघून हसला म्हणे. मास्तर, तुमच्या गावात बाकीच्या दिवशी कुणी जन्मतच नाही का?

मग तुम्ही तिच्या जन्माच्या मागं लागलात. सायकल काढून तीन रविवार हिंडलात. सुईण आता आळंदीला लेकीकडं राहते एवढं कळलं, तर भर उन्हात तिकडं. आलात ते घामानं निथळत, पण चेहरा असा फुललेला की आई म्हणाली, घबाड सापडलं की काय. "दिवाळीच्या पाडव्याला झालीया ती. माझी अंघुळ राहिली व्हती," असं सुईण बोलली, ते तुम्ही नक्कल करून दाखवलंत. मी ताटावरून उठले. माझी सुईणही तीच होती, अण्णा. तिच्या दारापर्यंत गेला होतात, माझंही विचारलं असतंत तर काय जीभ झडली असती? जळफळाट झाला माझा, दुसरा शब्द नाही. आज ऐंशीला टेकले, तरी पाडव्याला दिवे लावताना तेच आठवतं.

चौकशी चावडीवर होती. सुईण आदल्या दिवशीच येऊन गावात भावाकडं उतरली होती. चौकशीचे साहेब आले तसं तुम्ही मला तिला बोलवायला धाडलंत. मी परत येते, सांगते, ती पहाटेच आळंदीला गेली. साहेब चष्म्यावरून बघतात, पोरीला नीट विचारा म्हणतात. तुम्ही उभे राहता. "साहेब, ही माझी मुलगी आहे. ती खोटं बोलायची नाही."

तिचा अर्ज फेटाळला गेला. तुम्ही वर अपील केलंत, पण आळंदीला जाऊन गाठायच्या आत सुईण वारली. स्टेशनाजवळच्या दुकानाला कुलूप लागलं. जाताना ती पोरगी तुमच्या पाया पडली आणि तुम्ही रडलात, त्याचाही मला राग आला.

हे पत्र टाकायला आता तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी टाकलं नसतं. सुईण भावाकडंच होती, अण्णा. लुगडं बदलून ओट्यावर तयार बसली होती. आज चौकशी नाही, असं सांगून मी आले. चारचौघांत तुम्ही मला ‘माझी मुलगी’ म्हणालात ना, तेव्हा मला फार बरं वाटलं.